परशा, तू कसा बरा झालास?

आक्का, तुझ्या बाराव्याला आलेल्या माणसांनी मला जिंकवून सोडलं.

जेवणं उरकली होती. बायका आत भांडी आवरत होत्या, बाहेर सुपारी फिरत होती. सांबऱ्याहून आलेले मारुतीकाका भिंतीला पाठ लावून बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "इंदूनं जलमभर लोकांस्नी टोचलं. सोताबी दर साली टोचून घेतलं. आनि ह्यो परशा बघा. एक सुई न्हाय, काय न्हाय. दह्या-ताकावर खणखणीत हाय. परशा म्हणत हुता त्येच खरं निघालं की."

दोघातिघांनी माना हलवल्या. एकानं माझ्या पाठीवर थोपटलं. तुझ्या बाराव्याला, आक्का, मला शाबासकी मिळाली.

मी उठून आत गेलो. आमच्या हिनं, सुमननं, विचारलं, "काय पायजे तुम्हास्नी?" मला काहीच नको होतं. तांब्या उचलला, परत ठेवला आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. मारुतीकाकांचा राग आला होता, पण त्यांचे शब्द माझेच होते की! 'आधी पोट सांभाळा, मग सुया टोचा' हे मी घरात, दुकानात, तुझ्या तोंडावर किती वेळा बोललो असेन. फक्त ते मी तुला बोलत होतो. तू ताट बाजूला सारून उलटं उत्तर देशील, ह्या भरवशावर बोलत होतो. उत्तर देणारी तू नसताना त्या बोलण्याचं काय करायचं, मला कळेना झालंय.

आपण दोघं एका घरचे, पण किती वेगळ्या वाटांनी गेलो. मी खडेबाजारातल्या दुकानात दही, ताक, लोणी ह्याच्यापलीकडं काही विकलं नाही. गाडग्यातलं दही चांगलं लागलं की दिवस चांगला, एवढंच माझं शास्त्र. तू लशींचा निळा डबा खांद्याला अडकवून निपाणीच्या बाजूची खेडी पालथी घातलीस. मराठी घरांतून तू इंदूसिस्टर, कानडी घरांतून नुसतीच अक्का. मला ते ऐकून मजा वाटायची. आमच्या घरातली आक्का तिकडं सगळ्या गावाची अक्का होऊन बसलेली. लग्न केलं नाहीस. रिटायर झाल्यावर वडगावात आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आलीस, आणि गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटानं झोप लागत नाही म्हणून पहिले काही महिने नुसती चिडचिड केलीस. मग एकदा दुपारी वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, तर जिन्यावरून खाली येऊन म्हणालीस, "कसं सुनं सुनं वाटतंय रं. कवा यायची वीज?"

तुझं माझं भांडण जेवायच्या वेळी व्हायचं, तू सुट्टीला यायचीस तेव्हापासूनच. आमचा सागर लहान होता तेव्हापासून तो ते ऐकत मोठा झाला. सुमन म्हणायची, "तुम्हा भावा-भैनीला भाजी कशी झाल्या ते कळत तरी असंल का?"

मूळ सगळं सांबऱ्याच्या शाळेत आहे. टीबीची लस टोचणाऱ्या बाई आल्या म्हटल्यावर मी मागच्या बाजूनं पळालो आणि जोंधळ्यात शिरलो. गुरुजींनी तुला पाठवलं. तू मला शोधून काढलंस, हाताला धरून आणलंस आणि मी रडतोय बघून आधी स्वतःची बाही वर केलीस. मग माझी. काही दिवसांनी तुझ्या दंडावर फोड आला, पिकला, सुकला आणि कायमची खूण राहिली. माझ्या दंडावर काहीच नाही. तू चिडवायचीस, "परशाचं वाया गेलं."

मोठेपणी मी तेच उलटवलं. बाही वर करून म्हणायचो, "ह्यो बघ माझा दंड. खूण न्हाय. झाला का मला टीबी?"

तू शांतपणे घास गिळायचीस. "एकट्यावरनं काय ठरत न्हाय, परशा. हजार दंड बघ, मग बोल."

हजार दंड तू बघितले होतेस. माझ्याकडं एकच होता, पण मी तो दाखवायचं सोडत नव्हतो. ते मला फार महत्त्वाचं वाटत होतं असंही नाही. तू चिडायचीस ते मला आवडायचं. इतर कुणावर तू चिडत नव्हतीस.

निपाणीकडचं ते घर तुला आठवत असेल. तुझ्या नोकरीची शेवटशेवटची वर्षं होती. मी तुला भेटायला आलो होतो, तुझी स्कूटर गॅरेजात होती, म्हणून माझ्या मोटारसायकलवर मागं बसून तू फेरीला निघालीस. तंबाखूच्या रानांतून जाणारा रस्ता. जैनांचं घर होतं, पुढं मोठं अंगण. त्यांची तरणी सून दारात उभी होती, कडेवर बाळ. ते बाळ हगवणीनं दवाखान्यात राहून नुकतंच घरी आलं होतं. तुला बघितल्याबरोबर ती बोलायला लागली. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत.

"सिस्टर, तुम्ही थेंब घातलासा. हगवणीचं थेंब म्हणून घातलासा. मग माझ्या लेकराला हगवण कशी लागली?"

तिची सासू "गप गं, गप" म्हणत होती, पण ती थांबली नाही. मला वाटलं आता तू काहीतरी समजावून सांगशील. तू चप्पल काढून वर गेलीस, बाळाला तिच्या कडेवरून घेतलंस, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितलीस, ओठ बघितलेस. किती वेळा लघवी करतो विचारलंस. मीठ-साखरेचं पाणी कसं पाजतेस, दाखव म्हणालीस. ती रागातच आत गेली आणि पाणी करून घेऊन आली. तू एक चमचा स्वतः चाखून बघितलास आणि मान हलवलीस. तिचा आवाज तोवर खाली आला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोल की आता. का लागली हगवण?"

"गाडी चालव."

"पोट कच्चं असंल तर थेंब तरी काय करतील? मी म्हणतो त्येच न्हवं?"

"पोट कच्चं असतंय म्हणूनच थेंब घालायचं असतंय," तू म्हणालीस. "आता गप बस, रस्ता खराब हाय."

मला तेव्हा वाटलं, तू नुसतं तोंडाला तोंड दिलंस. पुढच्या आठवड्यात तू परत त्या घरी जाऊन आलीस, त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेलीस, हे मला फोनवर बोलता बोलता कळलं. का जातेस असं मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

आता ह्या वर्षाचं. तुझ्या पायाला नवीन चपलेचा फोड आला आणि तो बरा होईना. शुगर तुझी जुनीच. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू केल्या, मग बदलल्या, मग परत वाढवल्या. तू स्वतः नर्स, एक गोळी चुकवली नाहीस. जखम भरत आली पण पोट पार बिघडलं. जेवण नको, सारखं संडासकडं पळणं. मी दुकानातून रोज ताजं ताक आणत होतो. तू पेला हातात घेऊन म्हणायचीस, "तुझं ताक आनि माझी गोळी आत भांडत बसल्यात बघ. तुझ्या-माझ्यासारखी."

परवा सुमननं मला सांगितलं, "आक्कास्नी आंबट सोसत न्हवतं. दात आंबायचे त्यांचे. तुम्ही समोर हाय म्हणून प्यायच्या." म्हणजे ताक तू औषध म्हणून पीत नव्हतीस. माझ्यासाठी पीत होतीस. मी तर समजत होतो की निदान ताकापुरतं तरी तुला माझं पटलंय.

त्याच दिवसांत तू फ्लूची लस घ्यायला निघालीस. दर वर्षी पावसाच्या आधी घेत होतीस, तशी.

मी म्हणालो, "आक्का, पोट सुधारू दे. मग घे की."

"पावसाळा माझ्या पोटासाठी थांबतोय व्हय? ताप लागल्यावर घेऊन काय उपेग?" म्हणालीस आणि लंगडत जाऊन घेऊन आलीस. मलाही घेऊन जात होतीस. मी दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेलो, दर वर्षीसारखा.

पाऊस लागल्यावर ताप पहिल्यांदा सागरला आला. फौंड्रीतल्या कामावरून घेऊन आला असेल. मग सुमनला, मग मला, मग तुला. सूनबाई दीपा आणि तिची तान्ही खानापूरला माहेरी होत्या, तेवढं बरं झालं. मला दोन-तीन दिवस कणकण होती, अंग मोडून आलं, घसा धरला. उठलो आणि दुकानात गेलो. तू उठली नाहीस. श्वास लागायला लागला तेव्हा तूच सागरला म्हणालीस, "गाडी बोलव. हे नुसत्या तापाचं न्हाय." तपासणीत फ्लूच निघाला, आणि त्याच्यावर न्यूमोनिया.

दवाखान्यात तुला भेटायला एकेकालाच सोडायचे. मी आत आलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. पेशंटकडं बघायचीस तसं. मग मास्क हातानं जरा वर उचललास आणि म्हणालीस, "परशा, तू कसा काय बरा झालास रं?"

तिथली सिस्टर धावत आली, मास्क नीट बसवला, बोलू नका म्हणाली. मी तुझा हात धरून उभा राहिलो. तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. बोलायच्या स्थितीतच राहिली नाहीस.

हे वाक्य काय होतं, आक्का? मी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलंय. तुला बरं वाटलं होतं का, की परशा तरी वाचला? की तू नर्स म्हणून विचारत होतीस? लस घेतलेली मी आडवी पडलेय आणि न घेतलेला हा चालत आलाय, हे कसं काय? की तुला मनातून वाईट वाटलं होतं, जन्मभर जे सांगत आले ते माझ्याच बाबतीत खोटं पडलं म्हणून? तुझ्या आवाजावरून काही कळलं नाही. आवाज मास्कमुळं घोगरा झाला होता. चेहऱ्यावर नवल होतं, एवढंच मला ठाम आठवतंय. लहानपणी माझ्या दंडावर खूण का उठली नाही म्हणून बघायचीस, तसं.

बारावा झाल्यावर मी आपल्या डॉक्टरांकडं गेलो. दवाखान्यात गर्दी नव्हती. त्यांनी खुर्ची दाखवली, तुझं विचारलं. मी म्हणालो, "डॉक्टर, एकच सांगा. तिनं लस घेतली होती, मी न्हाय. ताप दोघांना एकच. मग ती का गेली?"

त्यांनी चष्मा काढला. "वय होतं, शुगर होती, पाय होता. तुम्ही त्यांच्याहून लहान. शिवाय असला ताप तुम्हाला आधी कधी येऊन गेला असेल, शरीराला आठवण असेल त्याची. आणि लस सगळ्यांना सारखी लागत नाही, म्हणजे लागू पडत नाही, परशराम."

"का लागत न्हाय? औषध तेच, सुई तीच."

"माणूस वेगळा. लस शरीराला रोगाची ओळख करून देते. ती ओळख पक्की करायचं काम शरीराचं. वय झालं की ते मंदावतं, शुगरनंही मंदावतं. आणि अलीकडं असं दिसायला लागलंय की पोटातल्या जंतूंचाही त्यात हात असतो."

मी खुर्चीत पुढं सरकलो. "पोटातले जंतू?"

"आतड्यात कायमचे राहणारे. रोगाशी लढणाऱ्या पेशींचा मोठा भरणा आतड्यालगतच असतो. हे जंतू त्यांना जागं ठेवतात, तयार ठेवतात म्हणा. अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं की त्यातले पुष्कळ मरतात. तेवढ्यात घेतलेली लस काही माणसांत कच्ची लागते, असं आढळलंय. काही माणसांत तसा फरक पडतही नाही. इंदूताईंच्या बाबतीत काय झालं हे मी सांगू शकत नाही. तेव्हा कुणी तपासलं नाही, आता तपासता येणार नाही."

"आनि ल्हान पोरांचे थेंब?"

"ते तर पोटातूनच जातात. ज्या बाळांची पोटं सारखी बिघडलेली असतात, त्यांच्यात कमी लागतात. म्हणून तर एकदा देऊन थांबत नाहीत."

तुझं ते तंबाखूच्या रानातलं उत्तर मला ऐकू आलं. आणि माझंही.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच की," मी म्हणालो. पण म्हणतानाच आवाज उतरला.

"काय म्हणत होता तुम्ही?"

"आधी पोट. ती म्हणायची, आधी लस. ह्या खेपेलाबी मी तिला थांब म्हटलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "गोळ्या दिल्या नसत्या तर पाय गेला असता. पायाबरोबर कदाचित त्याही. लस लांबवली असती आणि ताप त्याआधीच आला असता, तर आज तुम्ही मला वेगळाच प्रश्न विचारला असता."

"ताक पीत होती ती रोज."

"चांगलंय ताक. पण दह्यातले जंतू आतड्यात फारसे टिकत नाहीत. ताक प्यालं म्हणून लस पक्की लागते, असं मला तरी कुठं दिसलेलं नाही."

"मग लस वाया गेली का तिची?"

"तसं मी म्हणणार नाही. लस घेतलेल्याला ताप आला तरी बऱ्याचदा हलका जातो. कदाचित लस नसती तर इंदूताई दवाखान्यापर्यंतही पोचल्या नसत्या. कदाचित. मला माहीत नाही, परशराम."

मी उठलो. ह्याच्याहून त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांच्याकडं जाताना दोनच बाजू होत्या, तुझी आणि माझी. बाहेर पडलो तेव्हा कुठली कुणाची तेच उरलं नव्हतं. तू म्हणायचीस पोट कच्चं म्हणून लस, मी म्हणायचो पोट कच्चं तर लस कशाला, आणि आत पोटात दोन्ही एकमेकांना धरून बसलेली. आपण एवढी वर्षं कशावर भांडलो? अर्धं तुझं बरोबर, अर्धं माझं, असं वाटून घ्यावं म्हटलं, तर तू अर्धी गेली नाहीस. पूर्ण गेलीस.

आणि हे सगळं मला ज्या माणसाला सांगायचं होतं ते माणूस तूच. दुकानात बसलो तरी मनात तुझ्याशीच बोलत होतो. 'आक्का, डॉक्टर असं म्हणाले.' तू म्हणशील, 'मग? मी काय वेगळं सांगत हुतो?' मी म्हणेन, 'तू पोटाचं कवा बोललीस?' तू म्हणशील, 'एकट्यावरनं काय ठरत न्हाय.' आणि इथं येऊन मी अडकतो. कारण आता ती एकटी तूच आहेस. मारुतीकाका तुझाच दंड दाखवत फिरणार, मी माझा दाखवायचो तसा. त्यांना मी काय सांगू? हजार दंड बघा म्हणून सांगू? मी स्वतः कुठं बघितलेत?

एक तुला सांगितलं पाहिजे. दुकानात एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, मागवाल्यांच्यातलं. त्यानंही तेच काढलं. "मामा, तुमच्या भैनीचं ऐकलं. लशीनंच झालं म्हणत्यात." मी दही मापता मापता थांबलो. "कोन म्हणतंय?" म्हटलं. "लशीनं न्हाय, न्यूमोनियानं गेली ती. फ्लू होता. शुगर होती. तिनं लस घेतली होती आनि घेतली ते बरोबरच केलं." माझा आवाज चढला असावा, शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. तो बिचारा दही घेऊन गेला. नंतर मीच विचार करत बसलो, की हे मी कुणाच्या बाजूनं बोललो? बरोबर केलं हे मला कुणी सांगितलं? पण तुझ्याबद्दल कुणी तसं बोललेलं मला सोसवलं नाही. खरंखोटं नंतर बघू असं झालं.

मग दीपा माहेराहून आली. तान्हीच्या लशींची तारीख आली होती. दीपानं दोन दिवस काही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तर मांडीवर पोरीला घेऊन बसलेली.

"मामा, ह्या खेपेला राहू दे म्हणतोय मी."

"काय?"

"लस. आत्याबाईंनी एवढ्या घेतल्या. त्यांस्नीच लागली न्हाय. पोर एवढीशी हाय, तिला कशाला तरास?" मग खाली बघत म्हणाली, "तुम्हीबी म्हणत हुतासा की. आधी पोट सुधारू दे म्हणून."

सागर पाळीवर गेला होता. सुमन चुलीपाशी उभी होती, माझ्याकडं बघत. "तुम्हीच काय त्ये सांगा तिला," म्हणाली.

आक्का, तू असतीस तर प्रश्नच नव्हता. तू पोरीला उचललं असतंस आणि पायात चप्पल घातली असतीस, दीपा मागून पळत आली असती. मी सुपारी कातरत दोन शब्द टाकले असते आणि मोकळा झालो असतो. त्या दिवशी दोन्ही कामं माझ्याकडंच आली. मी पोरीकडं बघितलं. ती हाताची मूठ तोंडात घालून चोखत होती. तिच्या पोटात कुठले जंतू आहेत, चांगले आहेत की नाहीत, ते काय ठरवणार आहेत, हे बघायला कुठली खिडकी आहे? पोट सुधारलेलं आहे की नाही हे मी दह्याचं सांगू शकतो तसं तिचं सांगू शकत नाही.

"पोट बिघडलंय का तिचं?" मी विचारलं.

"न्हाय. बरी हाय की."

"मग चल."

"मामा..."

"चल म्हणतोय न्हवं. मी येतोय संगं."

गुरुवार होता, लशींचा दिवस. आरोग्य केंद्रावर बायकांची रांग होती, मी एकटाच म्हातारा. टोचायला तुझी महादेवी होती. तू शिकवलेली, तुझ्यासारखीच पदर घट्ट खोचणारी. मला बघून तिचे डोळे भरले. "कूडरी मामा, कूडरी," म्हणत तिनं खुर्ची पुढं केली. मग तोंड फिरवून डोळे पुसले, हात धुतले आणि कामाला लागली. तेही तुझ्याकडूनच शिकली असेल.

थेंब घालताना पोरीनं तोंड वाकडं केलं, पण गिळले. सुईची वेळ आली तसं दीपानं पोरीला माझ्याकडं दिलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मांडी धरायचं काम मला आलं. कधीच केलं नव्हतं मी ते. सागरच्या वेळी तू करायचीस. महादेवी म्हणाली, "घट्ट धरा मामा, हलू देऊ नका." मी धरली. एवढीशी मांडी, माझ्या मुठीत सगळी मावली. पोर आधी नुसती बघत राहिली, मग श्वास ओढून एकदम किंचाळली.

"झालं," महादेवी म्हणाली. कापूस दाबून धरता धरता माझ्याकडं बघून विचारलं, "मामा, तुमचं काय? फ्लूचं घ्या की आता."

"बघू," मी म्हणालो. खरंच माझं अजून ठरत नाहीय, आक्का. रागावू नकोस. घ्यायची नाही असं नाही, घ्यायची असंही नाही. नुसतं ठरत नाहीय.

दीपानं पोरीला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं, हुंदके तेवढे येत राहिले. बाकावर मी तिच्या शेजारी बसलो. जरा वेळानं तिनं मान वर केली. तिचेही डोळे लाल झाले होते.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "हिला लस लागंल न्हवं?"

"लागंल," मी म्हणालो. "का न्हाय लागायची? लागणार."

तिनं मान हलवली. खांदे सैल सोडले आणि भिंतीला टेकून बसली. तिला ते पुरलं. मीच दचकलो. एवढं ठाम मी कशाच्या जोरावर बोललो? मला काय माहीत होतं? आणि तिथं, त्या बाकावर, मला पहिल्यांदा शंका आली की तुला तरी कुठं माहीत होतं. एवढ्या गावांतून, एवढ्या दारांतून, कडेवर पोर घेतलेल्या एवढ्या बायकांनी तुला हेच विचारलं असणार. तू त्यांना काय सांगत होतीस, आक्का? आणि सांगून झाल्यावर घरी येऊन माझ्यासमोर ताटावर बसायचीस, तेव्हा तुझ्या मनात काय असायचं गं?